एक शिलिंग दीड पेनी: व्हिक्टोरियन काळातील मज्जातंतूंच्या अशक्तपणावरची गुप्त औषधे

धागाकर्ता: कागदपत्र

१९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तक काढले. घटक जाहीर न करता बाजारात विकली जाणारी नामांकित औषधे, म्हणजेच गुप्त औषधे, दुकानातून विकत आणायची, प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करायचे आणि मग जाहिरातीतला दावा, आत सापडलेले घटक व त्या घटकांची किंमत या गोष्टी एकाखाली एक छापायच्या, एवढीच त्या पुस्तकाची पद्धत होती. त्यातले बीचमच्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. ‘एक गिनी (२१ शिलिंग) मोलाची डबी’ हे ज्यांचे घोषवाक्य होते, त्या ५६ गोळ्या एक शिलिंग (१२ पेनी) दीड पेनीला मिळत. आत काय होते? कोरफडीचा वाळवलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ, शिवाय सुंठ आणि साबण. या साहित्याची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी), म्हणजे विक्रीच्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. वस्तुतः हे साधे रेचक होते; पण जाहिरातीत पित्ताचे विकार, मज्जातंतूंचे विकार, चक्कर, जेवणानंतरची सुस्ती, अंगावर येणारे शहारे, मंदावलेली भूक, मोडलेली झोप, भयंकर स्वप्ने आणि अंगाची प्रत्येक प्रकारची थरथर त्याने जाते, असे सांगितलेले असे.

ही यादी सावकाश वाचून पाहावी. तिच्यातली दोनतीन लक्षणे आठवड्यातून एकदा तरी ज्याला जाणवत नाहीत, असा माणूस सापडणे कठीण आहे. कापडगिरणीत बारा तास उभी राहणारी बाई, धुरकट कचेरीत हिशेब लिहिणारा कारकून, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला विद्यार्थी, या सगळ्यांना आपले दुखणे त्या यादीत छापलेले दिसे, आणि त्याला एक नावही मिळे.

ते नाव मात्र औषधविक्यांनी शोधलेले नव्हते. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी १८६९ साली बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, या विकाराचे वर्णन केले आणि ते नाव अमेरिका व युरोप या दोन्ही खंडांतील दवाखान्यांत रुळले. शरीरात मज्जाशक्तीचा साठा मर्यादित असतो आणि आधुनिक आयुष्य तो वेगाने संपवते, अशी त्यांची मांडणी होती. १८८१ च्या पुस्तकात त्यांनी या झिजेची पाच कारणे दिली: वाफेची शक्ती, नियतकालिके, तारायंत्र, विज्ञानांची वाढ आणि स्त्रियांचे बौद्धिक काम. शेवटच्या कारणावर वाद व्हायला हवा. पण साठा संपतो हे एकदा मान्य केले की तो भरून काढणारी वस्तू विकता येते, आणि पुढची चाळीस वर्षे तेच घडले.

कोणी तो साठा फॉस्फरसने भरू पाहिला. फॉस्फरसाशिवाय विचार नाही, हे शरीरशास्त्रज्ञ याकोब मोलेशॉट यांचे वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्ध होते आणि मेंदूत फॉस्फरसयुक्त पदार्थ असतात ही गोष्ट खरीच होती. त्या आधारावर ‘फॉस्फोडाइन’ आणि ‘फॉस्फेरीन’ यांसारखी नावे बाजारात आली. लंडनच्या ॲश्टन अँड पार्सन्स यांचे फॉस्फेरीन राजघराण्यांत वापरले जाते असे जाहिराती सांगत. बाटलीत मुख्यतः क्विनाइन, फॉस्फोरिक आम्ल आणि अल्कोहोल असे. १८९८ मध्ये जर्मनीतून आलेले सॅनाटोजेन मज्जातंतूंचे अन्न म्हणून विकले गेले. त्यात सुमारे ९५ टक्के दुधातले केसीन आणि ५ टक्के सोडियम ग्लिसरोफॉस्फेट हा फॉस्फरसयुक्त क्षार होता. दूध पिऊनही ते प्रथिन मिळाले असते, आणि तेही कितीतरी स्वस्तात.

कोणी वीज विकली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कॉर्नेलियस बेनेट हार्नेस यांच्या मेडिकल बॅटरी कंपनीचे भव्य दालन होते. तेथे तांबे आणि जस्ताच्या चकत्या बसवलेले ‘इलेक्ट्रोपॅथिक’ पट्टे कमरेला बांधून मिळत. मज्जाशक्ती म्हणजे एक प्रकारची वीजच, असे डॉक्टरही बोलत असताना गिऱ्हाइकाने पट्टा घेण्याला मूर्खपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता किमतीविषयी. एक शिलिंग दीड पेनी हा विचित्र आकडा असंख्य औषधांवर दिसतो, कारण एक शिलिंगापर्यंतच्या औषधावर सरकार दीड पेनीचा मुद्रांक लावी. हा कर १७८३ पासून सुरू झाला. सरकारच्या दृष्टीने ते केवळ उत्पन्न होते. पण डबीवर चिकटवलेला सरकारी मुद्रांक पाहून सामान्य माणसाला वाटे की सरकारने औषध तपासून मान्य केले आहे. या समजुतीचा फायदा विक्रेत्यांनी पुरेपूर घेतला. या औषधांना पेटंट म्हणत असले तरी बहुतेकांनी पेटंट कधी घेतलेच नव्हते, कारण पेटंट घ्यायचे तर घटक जाहीर करावे लागले असते. नाव, वेष्टन आणि सही यांचे हक्क राखून ठेवायचे आणि कृती गुप्त ठेवायची, हा खरा व्यवहार होता.

माझे म्हणणे असे आहे की रोग्यांचा त्रास खरा होता, त्याचे नाव डॉक्टरांनीच दिलेले होते, आणि अपराध झाला तो घटक लपवण्यात. आपण काय गिळतो आहोत हे गिळणाऱ्याला कळू दिले नाही, ही गोष्ट मला साबण-सुंठीच्या नफ्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद: रसशाळा

धागा आवडला. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून ‘घटक लपवणे’ या मुद्द्यावर लिहितो. सगळ्या गुप्त औषधांना निरुपयोगी म्हटले की काम सोपे होते. परंतु त्यांतली काही परिणामकारक होती आणि धोका नेमका त्यांच्यातच होता.

इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावचे डॉ. फ्रँकलिन माइल्स यांचे ‘नर्व्हाइन’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याची भिस्त ब्रोमाइडच्या क्षारांवर होती. १८५७ मध्ये चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितल्यापासून हे क्षार वैद्यकात मान्य होते, आणि त्यांनी मन शांत होते व झोप लागते, हे खोटे नाही. परंतु ब्रोमाइड शरीरातून अत्यंत हळू बाहेर पडते. निम्मे जायलाच सुमारे बारा दिवस लागतात. रोज चमचाभर घेणाऱ्याच्या रक्तात ते साठत जाते आणि मग सुस्ती, अडखळते बोलणे, विस्मरण, अंगावर पुरळ आणि कधीकधी भ्रम सुरू होतात. ही लक्षणे घरच्यांना मूळ आजार वाढल्यासारखी दिसत आणि मात्रा वाढवली जाई. बाटलीवर ब्रोमाइड हा शब्द असता तर एखाद्या डॉक्टरला ते कदाचित ओळखता आले असते.

अल्कोहोलची गोष्ट वेगळी सांगायला नको. व्हरमाँटमधील बर्लिंग्टन गावच्या ‘पेन्स सेलरी कंपाउंड’मध्ये त्याचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. मद्यपानविरोधी चळवळीत मनापासून काम करणाऱ्या स्त्रिया मज्जातंतूंसाठी म्हणून अशी औषधे दिवसातून तीनदा घेत. त्यांना बरे वाटे यात नवल नाही, आणि त्यांची फसवणूक झाली होती यातही शंका नाही. अटलांटाचे जॉन पेम्बर्टन यांनी १८८५ मध्ये ‘फ्रेंच वाइन कोका’ हे मज्जातंतूंचे टॉनिक काढले. त्यात वाइन होती आणि कोकाच्या पानांमुळे कोकेनही होते. पुढच्या वर्षी तिथे दारूबंदी येऊ घातल्यावर त्यांनी वाइन काढून साखरेचा पाक घातला आणि त्यातून कोका-कोला जन्माला आले. अमेरिकन यादवी युद्धात जखमी झाल्यापासून पेम्बर्टन स्वतः मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते. त्यांच्याकडे केवळ धूर्त व्यापारी म्हणून पाहणे मला जमत नाही.

आणि एक उलट उदाहरण. ‘डॉ. विल्यम्स यांच्या फिकट लोकांसाठी गुलाबी गोळ्या’ जगभर गाजल्या. कॅनडातील ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज टेलर फुलफर्ड यांनी १८९० मध्ये त्यांचे हक्क ५३ डॉलर १ सेंट एवढ्या रकमेला घेतले. त्या गोळ्यांत हिराकस (लोहाचा क्षार), पोटॅशियम कार्बोनेट आणि ज्येष्ठमध होते, वरून गुलाबी साखरेचे आवरण. हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी फ्रेंच डॉक्टर पिएर ब्लो यांनी १८३२ मध्येच सांगितलेली होती, आणि लोहाच्या अभावाने फिकट पडलेल्या, दम लागणाऱ्या, चिडचिड्या झालेल्या तरुण मुलींना तिने खरोखर गुण येई. म्हणजे ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे नाव मिळालेल्या अनेकींना प्रत्यक्षात रक्तक्षय होता. दुर्दैव असे की त्याच गोळ्या अर्धांगवायू आणि मज्जारज्जूच्या असाध्य विकारांवरही तेवढ्याच ठामपणे विकल्या गेल्या.

प्रतिसाद: माजघर

कागदपत्र, आपण डॉक्टरांना थोडक्यात सोडून दिलेत असे मला वाटते. ‘त्रास खरा, नाव डॉक्टरांचे, अपराध विक्रेत्याचा’ ही विभागणी डॉक्टरांना फारच सोयीची आहे. बिअर्ड स्वतः रोग्यांवर विजेचे उपचार करत. ग्लिसरोफॉस्फेट डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही मुबलक लिहून दिले जाई. सॅनाटोजेनच्या जाहिरातींत तर हजारो डॉक्टरांच्या शिफारशींचा हवाला असे. मग साबण-सुंठीची गोळी विकणारा दोषी आणि तीच फॉस्फरसाची समजूत अधिक फी घेऊन विकणारा निर्दोष, हे कसे?

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. फिलाडेल्फियाचे सायलस वीअर मिचेल यांचा विश्रांती-उपचार म्हणजे सहा ते आठ आठवडे अंथरुणात, घरच्यांपासून दूर, वाचन-लेखन बंद, भरपूर दूध आणि मालिश. ज्या बाईला आधीच घरात बोलायला कोणी नव्हते, तिला हा उपचार काय वाटत असेल याचा विचार करावा. त्या मानाने मॅसॅच्युसेट्समधील लिन गावच्या, १८७५ पासून स्त्रियांसाठीचे औषध विकणाऱ्या लिडिया पिंकम स्त्रियांना सांगत होत्या की आम्हाला पत्र लिहा, तुमचे पत्र पुरुष वाचणार नाही. त्यांच्या औषधातही सुमारे १८ ते २० टक्के अल्कोहोल होते, हे मला मान्य आहे. तरीही पाळीविषयी, बाळंतपणानंतरच्या थकव्याविषयी स्पष्ट शब्दांत उत्तर देणारे दुसरे कोण होते? गुप्त औषधांकडे स्त्रिया वळल्या त्याचे एक कारण दवाखान्यातली वागणूक हे होते, आणि ते या चर्चेत नोंदवले गेले पाहिजे.

प्रतिसाद: कागदपत्र

माजघर, आपला आक्षेप योग्य आहे आणि विश्रांती-उपचाराविषयी आपण लिहिलेले मला पूर्ण पटते. फरक मी एवढाच करतो की डॉक्टरांचे चुकीचे सिद्धांत छापलेले होते. ते इतरांना तपासता, खोडता आले आणि कालांतराने खोडले गेले. गुप्त कृती खोडता येत नव्हती.

पिंकम यांच्या पत्रांचा पुढचा भाग मात्र सांगायला हवा. लिडिया पिंकम १८८३ मध्ये वारल्या, तरी श्रीमती पिंकम यांना पत्र लिहा असे आवाहन पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. शेवटी १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याच्या दगडाचे छायाचित्र छापले. इतर कंपन्यांना आलेल्या पत्रांचे काय होई, हे त्याहून वाईट आहे. रोग्यांची खाजगी पत्रे गठ्ठ्यांनी दलालांना विकली जात आणि त्याच दुखण्यावरचे दुसरे औषध विकणारा ती भाड्याने किंवा विकत घेई. नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट ज्या बाईने विश्वासाने लिहिली, तिच्या पत्राला बाजारभाव होता. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला संताप येतो.

प्रतिसाद: उत्तररात्र

पुरुषांच्या पत्रांविषयी कोणी लिहिलेले नाही, आणि तो विषय टाळला तर या औषधांचा निम्मा इतिहास सुटेल. इंग्लंडमधील जाहिरातींत मज्जातंतूंचा अशक्तपणा हे शब्द कित्येकदा वीर्यनाशाच्या भीतीवर घातलेले पांघरूण होते. स्वित्झर्लंडचे डॉक्टर तिसो यांनी अठराव्या शतकात हस्तमैथुनाने शरीर खंगते असे लिहिले आणि १८३० च्या दशकात फ्रान्समधील माँपेलिएचे डॉक्टर क्लोद फ्रान्स्वा लालमाँ यांनी ‘स्पर्मॅटोऱ्हिया’ (नकळत वीर्य जाणे) हा विकारच मांडला. पुढे लंडनमध्ये डॉ. कान यांचे शरीररचना संग्रहालय निघाले. मेणाचे रोगग्रस्त अवयव पाहून घाबरलेला तरुण बाहेर पडताना त्याच्या हातात पुस्तिका येई, पुस्तिकेत सल्ल्याचा पत्ता असे, आणि सल्ल्यानंतर मोठे बिल. १८७३ मध्ये अश्लीलतेच्या कायद्याखाली कारवाई होऊन तिथल्या मेणाच्या प्रतिकृती नष्ट करण्यात आल्या. सर जेम्स पॅजेट यांच्यासारख्या शल्यविशारदाने १८७० च्या दशकात स्वच्छ सांगितले होते की यातली बहुतेक भीती निराधार आहे. परंतु लाजेने दबलेला तरुण पॅजेट यांचे व्याख्यान कोठून वाचणार?

आपल्याकडे या गोष्टीचा थेट संबंध आहे. धातू, म्हणजे वीर्य, हे शरीराचे सार, ही कल्पना इथे पूर्वीपासून होती. तिच्या शेजारी इंग्रजी जाहिरातींची मज्जाशक्ती येऊन बसली. जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी यांच्या आतंकनिग्रह गोळ्या विसाव्या शतकाच्या आरंभी देशभरच्या वृत्तपत्रांत जाहिरातींतून दिसत, वरळीच्या डॉ. बाटलीवाला यांच्या टॉनिक गोळ्याही गाजल्या, आणि जाहिरातीची घडण पुष्कळशी विलायती वळणाची होती: लक्षणांची यादी, बरे झालेल्यांची पत्रे, फुकट पुस्तिका, टपालाने गुप्तपणे पाठवण्याची हमी. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’चे, म्हणजे वीर्य जाण्याच्या भीतीतून होणाऱ्या त्रासाचे, वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोर आलेले तरुण थकवा, झोप न लागणे आणि धडधड हीच लक्षणे सांगत होते. मी स्वतः समुपदेशन करते. आजही असे तरुण येतात, आणि बहुतेकांनी त्याआधी बराच पैसा कोठेतरी घालवलेला असतो. त्यांना हसणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

प्रतिसाद: वाचनवेडा

एवढे सगळे चालले असताना वृत्तपत्रे गप्प का होती? आणि कोणालाच शिक्षा झाली नाही का?

प्रतिसाद: कागदपत्र

वृत्तपत्रे गप्प होती कारण त्यांचे उत्पन्न या जाहिरातींवर उभे होते. अमेरिकेत तर हे करारातच लिहिलेले असे. टोलेडोचे औषधविक्रेते एफ. जे. चेनी यांनी जाहिरातीच्या करारात लाल शाईत एक कलम घालण्याची युक्ती काढली: त्या राज्यात गुप्त औषधांविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द समजावा. त्यामुळे असे विधेयक आले की संपादक आपणहून त्याच्याविरुद्ध लिहू लागत. ही गोष्ट १९०५ मध्ये ‘कोलियर्स’ साप्ताहिकाने उघडकीस आणली. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांची गुप्त औषधांवरची लेखमाला सुरू झाली होती, आणि ३० जून १९०६ रोजी अमेरिकेत अन्न व औषध शुद्धतेचा कायदा संमत झाला. त्याने कोणतेही औषध बंद केले नाही. अल्कोहोल, अफू, कोकेन, क्लोरल यांसारखे मोजके घटक असतील तर त्यांचे प्रमाण वेष्टनावर छापा, एवढेच सांगितले. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला, आणि लपवाछपवी हा मूळ अपराध होता या माझ्या मताला मी त्याचाच आधार देतो.

इंग्लंडमध्ये ‘पॉल मॉल गॅझेट’ने १८९३ मध्ये हार्नेस यांच्या पट्ट्यांवर लेख लिहिले आणि त्यांची कंपनी बुडाली, तो सन्माननीय अपवाद होता. ‘सीक्रेट रेमेडीज’ची जाहिरात घ्यायलासुद्धा अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. १९१२ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली. तिचा कडक अहवाल ४ ऑगस्ट १९१४ या तारखेचा आहे, आणि त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले, त्यामुळे त्या अहवालाकडे पाहायला कोणी उरले नाही. ‘सीक्रेट रेमेडीज’मधली पृथक्करणे ज्यांनी केली ते एडवर्ड फ्रँक हॅरिसन युद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याच्या कामाला लागले आणि १९१८ मध्ये, युद्ध संपता संपता, वारले. असा माणूस औषधशास्त्राबाहेर जवळजवळ अज्ञात राहावा याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद: रसशाळा

शिक्षेऐवजी काहींना सन्मान मिळाला, हेही नोंदवतो. फुलफर्ड १९०० मध्ये कॅनडाचे सिनेटर झाले. १८३७ पासून मलम आणि गोळ्या विकणारे थॉमस हॉलोवे यांच्या संपत्तीतून सरे परगण्यात स्त्रियांसाठी रॉयल हॉलोवे कॉलेज उभे राहिले. १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. त्याच्या आदल्या वर्षी व्हर्जिनिया वॉटर येथे हॉलोवे सॅनाटोरियम उघडले, तेही मध्यमवर्गीय मनोरुग्णांसाठी. ज्यांच्या गोळ्या अशक्त मज्जातंतूंवर विकल्या गेल्या त्यांच्याच पैशातून मनाच्या आजारावरचे, त्या काळाच्या मानाने सुसज्ज रुग्णालय झाले. ते कॉलेज आजही शिकवते आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

प्रतिसाद: कलमदान

वकिलीच्या बाजूने थोडी भर. इंग्लंडमध्ये घटक जाहीर करण्याची सक्ती १९४१ च्या फार्मसी अँड मेडिसिन्स कायद्याने आली आणि मुद्रांक कर त्याच वेळी संपला. त्या कायद्याने मधुमेह, क्षय, अपस्मार, अर्धांगवायू अशा काही रोगांवरच्या जाहिराती बंद केल्या. मज्जातंतूंचा अशक्तपणा त्या यादीत नव्हता.

भारतात चोप्रा समितीने १९३०-३१ मध्ये केलेल्या औषधांविषयीच्या चौकशीनंतर १९४० चा औषध कायदा झाला आणि १९५४ मध्ये औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. युनानी औषधे बनवणाऱ्या दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने आणि इतरांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. मात्र यादीत हवा तो रोग घालण्याचा सरकारला दिलेला मोकळा अधिकार रद्द केला. म्हणून १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची यादी कायद्याच्या परिशिष्टातच घालण्यात आली. त्या यादीत मज्जातंतूंचा अशक्तपणा स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा लोकलच्या डब्यात किंवा दूरचित्रवाणीवर या दुखण्यावर खात्रीशीर उपाय असल्याची औषधाची जाहिरात दिसली, तर ती कायद्याने गुन्हा आहे आणि तिच्याविरुद्ध राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तक्रार करताना जाहिरातीचे छायाचित्र, तारीख आणि ती कोठे दिसली हे अवश्य जोडावे.